बदकांचा मालक

चित्रदालनात पहिलं चित्र विकत घ्यायला कुणीच पुढं येत नाही. दुसरं घ्यायला मात्र माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात. दालन धाकटीच्या सासूबाईंचं. त्यांनी हे तरुणपणीच हेरलं होतं आणि त्यावर उपायही काढला होता. चित्र विकलं गेलं की त्याच्या नावाच्या चिठ्ठीवर एक लाल टिकली चिकटवायची, कागदाची, नखाएवढी, ही दालनाची जुनी रीत. सासूबाई दर ऋतूच्या प्रदर्शनाला दार उघडायच्या आतच एका चित्रावर स्वतःच्या हातानं टिकली लावून मोकळ्या होत. मग लोक येत, आधी ती टिकली बघत, मग एकमेकांकडं बघत, आणि हळूहळू हात खिशाकडं जात.

"ही लबाडी नव्हे," सासूबाई म्हणत. "विरजण आहे. चमचाभर लागतंच."

त्यांच्या दोन्ही मुलांना चित्रांत काडीचा रस नव्हता. थोरला पाण्याचे पंप विकायचा, धाकटा विमा. म्हणून दालन आलं दोघी सुनांच्या हातात. थोरली गिऱ्हाइकांशी बोलायची, कारण तिला बोलल्याशिवाय राहवतच नसे. धाकटी चित्रं टांगायची, दिव्यांचे कोन जुळवायची आणि सासूबाई गेल्यापासून ती पहिली टिकलीही लावायची.

टिकली लावण्याचा एक नियम होता. जे चित्र कुणीही मागणार नाही, त्यालाच ती लावायची. नाहीतर कुणाचं तरी मन त्यावर बसणार, कुणी घेतलं म्हणून तो विचारणार, आणि मग घेणारा आणायचा कुठून? चित्रकाराचे पैसे मात्र चोख पोचवायचे. दिव्यांचा खर्च, सरबताचा खर्च, तसाच हाही एक खर्च. आणि ते चित्र गुपचूप मागच्या खोलीत ठेवून द्यायचं. वसंतात, उन्हाळ्यात, शरदात असं चित्र शोधायला धाकटीला डोकं खाजवावं लागे. हिवाळ्यात नाही. हिवाळ्यात बदककाका होते.

बदककाका वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. वर्षाला एक चित्र काढायचे आणि त्यात एक बदक असायचं. बदकाचं अंग अगदी मापात, पीस न् पीस मोजून घ्यावं असं. तळं हिरवं आणि इतकं सपाट, की बदक त्यात तरंगत नसून कुणीतरी आणून ठेवलंय असं वाटे. आणि चेहरा? सही जुळत नाही म्हणून बँकेनं परत पाठवलेल्या माणसाचा. अशा चेहऱ्यासमोर गिऱ्हाईक क्षणभर थांबे, आणि आपल्यालाच काहीतरी विचारलं जाईल या भीतीनं पुढं सरके.

आता इथं एक चूक होत होती, आणि ती चित्रं टांगणाऱ्यांच्याच हातून होऊ शकते. दर हिवाळ्यात टिकली एकाच माणसाच्या चित्राला लागते आहे, हे ना सासूबाईंच्या लक्षात आलं, ना धाकटीच्या. त्यांना भिंत दिसत होती. पण ज्याचं चित्र विकलं जातं, त्याच्या लक्षात यायचं थोडंच राहतं?

त्या हिवाळ्यात बदककाका चित्र घेऊन आले तेव्हा धाकटी शिडीवर होती.

"धाकटे, दार धर. ओलं आहे."

"काय ओलं आहे, काका?"

"बदक."

तिनं उतरून दार धरलं. काकांनी चादरीत गुंडाळलेलं चित्र टेबलावर निजवलं, चादर कडेनं सोडवली आणि खुर्चीत बसून श्वास घेतला.

"हे शेवटचं हं."

"असं काय बोलता काका!"

"अगं, मरत नाहीये मी. मुलीकडं चाललोय राहायला. कायमचा. ती म्हणते, बाबा, कपडे आणा, औषधं आणा, ती रंगांची पेटी कशाला आणताय? घरभर टर्पेंटाइनचा वास. मी म्हटलं, माझी चित्रं विकली जातात. दर हिवाळ्यात, दार उघडायच्या आत. तर ती म्हणाली, कोण घेतं?" काका थांबले. "आणि मला सांगताच आलं नाही गं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं विषय बदलला."

धाकटी चादरीची घडी घालायला लागली.

"मी आयुष्यभर तराजू तपासलेत," काका म्हणाले. "दरवर्षी, सगळ्यांच्या आधी, दार बंद असताना. म्हणजे घेणारा एकच माणूस आहे. बरोबर?"

"तसं... हो, एकच."

"कोण?"

"त्यांनी नाव सांगू नका म्हटलंय." हे वाक्य तोंडातून गेलं कसं, ते धाकटीला कळलंच नाही.

"नाव नको! नाव घेऊन काय करू? माणूस दाखव. उद्घाटनाला मुलगी येतेय. आणि त्यांच्याकडची जुनी बदकं या प्रदर्शनापुरती मागून घे. त्या मागच्या भिंतीवर एका ओळीत लाव. एवढी वर्षं ठेवलीत म्हणजे माणूस जिव्हाळ्याचा असणार, नाही म्हणायचा नाही." काका उठले. "मी ठरवलंय बघ. तो माणूस मुलीला भेटला, तर पेटी घेऊन जाईन. नाही भेटला, तर पेटी तुझ्याकडं ठेवून जाईन. दे कुणाला तरी."

ते गेल्यावर धाकटी ओल्या बदकासमोर बराच वेळ उभी राहिली. बदकानंही तिच्याकडं सही जुळत नसल्यासारखं बघितलं.

"सांगून टाक खरं," थोरली म्हणाली. तिला सगळं ऐकायला एक कप चहा पुरला होता.

"काय सांगू, ताई? की तुमचं बदक आम्ही दरवर्षी निवडलं, कारण ते कुणी मागणार नाही याची खात्री होती?"

थोरली गप्प झाली. अशी घटना दालनात फार क्वचित घडत असे.

मग दोघींनी मागची खोली उपसायला घेतली. बदकं होती सगळी, पण कुठं कुठं म्हणून सांगावं! एक प्रिंटरच्या डगमगत्या पायाखाली. एक कपाटामागं, कोळ्यांच्या जाळ्यांत. एक खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी ठोकलेलं, तेही तोंड बाहेर करून. ऊनपाऊस सोसून त्या बदकाचा रंग उतरला होता आणि नेमकं तेच पहिल्यांदा जिवंत वाटत होतं. शेवटचं सापडलं थोरलीच्याच टेबलावर, कागदांच्या ढिगाशेजारी. त्याच्या तळ्याच्या बरोबर मध्यभागी एक तपकिरी गोल होता.

"ताई!"

"अगं, सपाट होतं म्हणून ठेवत गेले कप. दुसरं कुठलं चित्र इतकं सपाट असतं?"

धाकटीनं ओल्या कापसानं गोल पुसला. मग साबणानं. मग आणखी कशानं तरी, ज्याच्या बाटलीवर नाव नव्हतं. गोल उलट अधिकच उठून दिसायला लागला.

"राहू दे," थोरली म्हणाली. "आधी मालक शोध. बदकं आहेत, मालक नाही. माझ्या नवऱ्याला उभा करू का?"

"काका ओळखतात त्यांना. आणि भावोजी बोलायला लागले की दुसऱ्या वाक्यात पंप येतो."

"तुझा?"

"तो मुलीला विमा विकेल."

तेवढ्यात वरून, छतातून, यंत्राची बारीक किर्र ऐकू आली. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. दोघींनी एकदमच मान वर केली.

दातांचे डॉक्टर दालनाच्या प्रत्येक उद्घाटनाला न चुकता येत आणि आजवर त्यांनी एकही चित्र घेतलेलं नव्हतं. बिस्किटं मात्र ते मन लावून घेत. माणूस चिकट इतका, की पेशंटला चूळ भरायला दिलेल्या पेल्यात पाणीसुद्धा बेतानं असायचं. पण दिसायला! उंच, पांढरीशुभ्र दाढी, गळ्यात रेशमी रुमाल, हात पाठीमागं, आणि चित्रासमोर उभं राहून "हं" म्हणण्याची एक पद्धत. नवखे चित्रकार दरवेळी त्यांनाच मोठं गिऱ्हाईक समजून त्यांच्यामागं सरबताचा पेला घेऊन फिरत.

धाकटी वर गेली. डॉक्टरांनी तिला काही बोलायच्या आत खुर्चीत आडवं केलं.

"आलाच आहात तर बघतो. आ करा."

"डॉक्टर, मी दुसऱ्याच..."

"बोलू नका. आ."

म्हणून ती सगळी हकीगत तिला तोंडात आरसा आणि कापूस असताना सांगावी लागली. डॉक्टरांना तोंडात कापूस असलेल्या माणसाचं बोलणं अचूक कळे. तो त्यांचा धंदाच होता.

"म्हणजे मी असा माणूस व्हायचं, ज्यानं इतकी वर्षं चित्रं घेतली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एक वेगळीच चव आली. "सगळ्यांच्या आधी. नाव न सांगता."

"आं."

"आणि खर्च काही नाही?"

"ऊं हूं."

"दात चांगले आहेत. बोलायचं काय?"

धाकटीनं कापूस काढला. "दोनच वाक्यं. 'शांत वाटतं म्हणून घेतो,' आणि 'बाकी मला चित्रातलं काही कळत नाही.' एवढं बोलून बिस्किटांकडं जायचं."

"जमेल," डॉक्टर म्हणाले आणि आरशात दाढी नीट केली. ते इतक्या सहज कबूल झाले, तेव्हाच खरं तर धाकटीनं सावध व्हायला हवं होतं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मागच्या भिंतीवर बदकं एका ओळीत उभी होती. धाकटीनं प्रत्येकाला स्वतंत्र दिवा दिला होता आणि वर पाटी लावली होती, 'एका खासगी संग्रहातून'. आश्चर्य असं, की एकेकटं बदक केविलवाणं दिसे, पण ओळीत ती सगळी मिळून कुठल्यातरी कचेरीबाहेर नंबर लावून बसल्यासारखी दिसत होती, आणि त्या प्रकाराला एक रुबाब होता. लोक थांबत होते. हसत होते. पुन्हा मागं येऊन बघत होते.

काका नवा शर्ट घालून आले. सोबत मुलगी. ती एका मोठ्या कंपनीत हिशेब तपासायची. बापानं वजनं तपासली, मुलगी आकडे तपासत होती. पर्सचा पट्टा खांद्यावर घट्ट धरून तिनं आधी पाटी वाचली, मग चित्रं बघितली, मग विचारलं, "कुठायत ते?"

डॉक्टर पुढं आले. हात पाठीमागं, रुमाल सैल.

"शांत वाटतं म्हणून घेतो," ते म्हणाले. "बाकी मला चित्रातलं काही कळत नाही."

आता बिस्किटांकडं, असं धाकटीनं मनातल्या मनात म्हटलं. डॉक्टर हलले नाहीत.

"कुठं लावता ही?" मुलीनं विचारलं.

"वरच. माझ्या दवाखान्यात."

"अरे वा, इतक्या जवळ? मी पाहून येऊ?"

"आता काय बघणार? बदकं तर इथं आहेत."

"भिंत बघते. खिळे असतीलच ना."

वरच्या भिंतींवर दात कसे घासावेत याच्या चित्राखेरीज काहीही नव्हतं, हे धाकटीला पक्कं माहीत होतं.

"खिळे?" डॉक्टरांनी भुवया वर नेल्या. "दाताच्या दवाखान्यात ठोकाठोकी? पेशंट जिन्यातूनच परत फिरेल हो. टेकवून ठेवतो मी. खिडकीच्या कट्ट्यावर."

मुलीनं मान हलवली, पण ती मान पटल्याची नव्हती. पुढच्या प्रश्नाची होती. तेवढ्यात काकांचा आवाज आला.

"हे काय? या तळ्यात मी चंद्र काढला नव्हता."

ते चष्मा कपाळावर सरकवून त्या तपकिरी गोलाला नाक लावून उभे होते. थोरली आपल्या चपलांकडं बघायला लागली. डॉक्टर जवळ गेले, वाकले आणि त्यांनी वास घेतला.

"चहा," ते म्हणाले.

थोरलीनं एक पाऊल मागं घेतलं.

"माफ करा," डॉक्टर सावकाश म्हणाले. "सकाळी पेशंट यायच्या आत मी याच्यासमोर चहा घेऊन बसतो. एकदा बघता बघता कप कुठं टेकवला, कळलंच नाही."

"एकदा नाही," मुलगी म्हणाली. ती आता काकांच्या शेजारी वाकली होती. "एकदाचा डाग असा नसतो. कडा बघा. एकावर एक गोल आहेत. हा बऱ्याच दिवसांचा आहे."

डॉक्टर घुटमळले. "बऱ्याच दिवसांचा," ते म्हणाले. "हो."

काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "रोज?"

"रोज."

थोरलीचा चेहरा एव्हाना टिकलीच्या रंगाचा झाला होता.

मुलगी त्या डागाकडं बघतच राहिली. माणसं खोटं बोलतात हे तिला कामामुळं ठाऊक होतं, पण डाग खोटं बोलत नाही. कुणीतरी या बदकाबरोबर रोज चहा घेतला होता. ते काही उद्घाटनासाठी बनवता येत नाही.

इतक्यात एक बाई गर्दीतून वाट काढत आल्या. शहरात त्यांचं नवं हॉटेल होत होतं आणि खोल्यांसाठी चित्रं हवी होती. "ही सगळी हवीत मला," त्या म्हणाल्या. "प्रत्येक खोलीत एक. भाव तुम्ही सांगा."

थोरलीचे डोळे लकाकले. बदकं दालनाचीच होती, आणि मागच्या खोलीतला एवढा माल एका झटक्यात खपणं म्हणजे सणच. तिनं तोंड उघडलं. पण डॉक्टर तिच्या आधी बोलले.

"विकायची नाहीत."

"निदान आकडा तर ऐका."

"बाई," डॉक्टरांनी रुमाल मागं टाकला, "तुमच्या घरातलं माणूस कुणी विकत मागितलं, तर तुम्ही आकडा ऐकाल?"

पाच-सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनंही वाजवल्या, पण दात आवळून. मुलीनं वडिलांचा दंड धरला.

"बाबा," ती म्हणाली, "पेटी मागच्या सीटवर बसेल. मागचा व्हरांडा मोकळाच असतो. खिडक्या उघड्या ठेवायच्या मात्र."

काका सरबताकडं गेले, सरबत घेतलं आणि न पिताच परत ठेवलं.

इथं खरं तर सगळं संपायला हवं होतं. पण प्रदर्शन उठलं त्या दिवशी काका आणि मुलगी पुन्हा हजर. बदकं मालकाच्या घरी नीट पोचलेली बघूनच निघायचं, असं काकांनी ठरवलं होतं. त्यांनी ती एकेक करून स्वतःच्या हातांनी वर नेली. जिन्यात डॉक्टर सूचना देत होते, "सांभाळून, त्याची डावी बाजू नाजूक आहे." खिडकीचा कट्टा बदकांनी भरून गेला. काका गाडीत बसताना मागच्या सीटवर पेटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली वर गेली आणि तणतणत खाली आली.

"देत नाही म्हणतो!"

"काय?"

"बदकं! म्हणतो, कसली चित्रं? माझी आहेत. सगळ्या गावासमोर तुम्हीच सांगितलंत. म्हणतो, पाटीसुद्धा तुमच्याच अक्षरात आहे. आणि हसत होता गं, सगळे दात दाखवून! फुकटात भिंती सजल्या मेल्याच्या."

"कट्टा," धाकटी म्हणाली. "भिंतीला खिळे मारत नाहीत ते."

"तुला विनोद सुचतायत?"

धाकटीला काही सुचत नव्हतं असं नाही. तिनं टेबलाशी बसून दालनाच्या जाड कागदावर एक बिल तयार केलं, सगळ्या बदकांचं, आणि दवाखान्यात गर्दी होईपर्यंत वाट बघितली. मग वर गेली. बाहेरच्या बाकावर गाल धरून माणसं बसली होती आणि एक जण बदकांकडं टक लावून बघत होता.

"डॉक्टर," ती दारातूनच गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या संग्रहाचं बिल. खरं तर पाठवायला संकोच वाटतो. आपण नेहमी मागायच्या आत देता."

बाकावरची सगळी तोंडं डॉक्टरांकडं वळली. डॉक्टरांनी तिला आतल्या खोलीत ओढूनच नेलं.

"हे काय चालवलंय? ते नाटक होतं!"

"नाटक होतं तर बदकं खाली द्या."

"तसं नाही पण..."

"मग काकांना फोन लावते. सांगते, डॉक्टरांना तुमची बदकं नको झाली. की तुम्ही बोलता?"

डॉक्टरांनी बिल हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "तुम्हा दोघींचे दात बघून देतो. आयुष्यभर."

"आमचे दात चांगले आहेत. तुम्हीच म्हणालात."

"निम्मं?"

"आकडा ऐकून घेणारी माणसं आपल्याला आवडत नाहीत ना, डॉक्टर?"

ते पैसे डॉक्टरांनी हप्त्याहप्त्यानं दिले, आणि दरवेळी चेहरा असा, जणू भूल न देता स्वतःचीच दाढ उपटतायत. थोरली पावती द्यायला मुद्दाम स्वतः वर जाई. ते दृश्य तिला चुकवायचं नव्हतं.

वसंताचं प्रदर्शन लागलं, आणि एक दिवस हॉटेलवाल्या बाई दालनात न शिरता सरळ जिन्याकडं गेल्या.

"गेली बदकं!" थोरलीनं धाकटीला चिमटा काढला. "आता तो विकणार आणि आपल्या डोक्यावर मिरे वाटणार. आपणच त्याला मालक केलं. चल."

दोघी जिन्यात, दवाखान्याच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. दुपारची वेळ, आत पेशंट नव्हते. बाई बोलत होत्या. त्यांनी आकडा सांगितला, आणि तो ऐकून थोरलीनं कठडा धरला. धाकटीला वाटलं, ठीक आहे. काकांची पेटी गेली आहे, व्हरांड्याच्या खिडक्या उघड्या आहेत. आता बदकं कुठं का जाईनात.

आत खुर्ची करकरली. मग डॉक्टरांचा आवाज आला, आणि या वेळी त्यात ना रुमाल होता, ना टाळ्यांची वाट.

"वेगवेगळ्या खोल्यांत लावणार ना तुम्ही?"

"हो. प्रत्येक खोलीत एक."

"मग नको. ती एकत्र असतात."

"डॉक्टर, मी दीडपट देते."

"अहो, मला कळतंय किती होतात ते! दोन दिवस झोप लागायची नाही मला. पण नको. पेशंट आडवा झाला की आधी घाबरतो. मग मी म्हणतो, ते तिसरं बदक बघा, त्याच्यापेक्षा तुमची अवस्था बरी आहे. हसतो तो. हसला की तोंड उघडतं." थोडं थांबून ते कुरकुरले, "आणि सकाळी चहाला सोबत लागते."

थोरली जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. "खराच वेडा झाला गं हा," ती कुजबुजली. तिचे डोळे मात्र पाण्यानं भरले होते, आणि ते हुकलेल्या सौद्यामुळं की आणखी कशामुळं, हे धाकटीनं विचारलं नाही.

शरद संपता संपता काकांचा फोन आला. आवाज चांगला खणखणीत.

"धाकटे, हिवाळ्याचं चित्र तयार आहे. मुलगी घेऊन येईल. आणि ऐक, भाव वाढवलाय."

"किती, काका?"

काकांनी सांगितलं. धाकटीनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"जरा जास्त नाही का होत?"

"हिशेब मुलीनं केलाय, तिला विचार. ती म्हणते, संग्राहक असलेला चित्रकार या भावात राहायचा नाही. आणि दुसरं, या वेळी बदक नाही."

"मग?"

"हंस! आता या उंचीवर बदकं काढण्यात काही अर्थ नाही गं. बदकं कुणालाही जमतात. डॉक्टरांना आधी सांग, त्यांना आनंद होईल."

धाकटी वर गेली तेव्हा डॉक्टर कुणाच्या तरी तोंडात दिवा धरून वाकले होते. तिनं हंसाचं सांगितलं. आधी भाव सांगितला, मग हंस. पण भावाला त्यांनी नुसती मान हलवली. हंस ऐकल्यावर दिवा खाली आला.

"हंस?" ते म्हणाले. "मान वगैरे बाकदार?"

"तसंच असणार."

"पांढराशुभ्र?"

"हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी कट्ट्यावरच्या ओळीकडं बघितलं. सगळी बदकं नेहमीसारखी, आपलं काम होणार नाही हे माहीत असलेल्या चेहऱ्यानं बसली होती.

"इतकं छान चाललं होतं त्यांचं," डॉक्टर कळवळून म्हणाले. "सुधारायला कुणी सांगितलं हो त्यांना?"